ट्रेलरवरील भार, एअर सस्पेन्शन आणि कंटेनरची जागा

कळंबोलीहून न्हावा शेवा बंदरातील कंटेनरची वाहतूक करणाऱ्या एका गाडीमालकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे कमानपाट्यांच्या (लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगच्या) बोगीचे, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या संचाचे, तीन ॲक्सलचे, चाळीस फुटी स्केलेटल, म्हणजे केवळ चासीचा सांगाडा असलेले, ट्रेलर आहेत. वीस फुटी जड कंटेनर नेताना गाडीचे एकूण वजन परवानगीच्या आत असते, तरीही ट्रॅक्टरच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागच्या ॲक्सलवर जादा भार निघतो आणि दंड भरावा लागतो. नवा ट्रेलर घेताना विक्रेत्याने त्यांना सांगितले की, एअर सस्पेन्शन, म्हणजे पाट्यांऐवजी हवेच्या बलूनवर टेकणारी बैठक, घेतल्यास वजनाची वाटणी आपोआप सारखी होते, त्यामुळे कंटेनर कोठेही ठेवला तरी चालते. हे खरे आहे का, आणि त्यासाठी जादा पैसे मोजावेत का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि आपली अडचण नेमकी उरलेल्या अर्ध्या भागात आहे. एअर सस्पेन्शन बोगीतील तीन ॲक्सलमध्ये भार सारखा विभागते, आणि ते काम ते कमानपाट्यांपेक्षा निश्चितच चांगले करते. परंतु ट्रेलरवरील मालाचा किती भाग किंग पिनवर (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पुढच्या खुंटीवर) म्हणजे ट्रॅक्टरवर जाईल आणि किती भाग बोगीवर येईल, हे सस्पेन्शनच्या प्रकारावर अवलंबून नसते. ते केवळ किंग पिन आणि बोगी यांच्या संदर्भात मालाचा गुरुत्वमध्य कोठे आहे यावर ठरते. आपल्याला होणारा दंड या दुसऱ्या, किंग पिन व बोगी यांच्यातील, वाटणीमुळे होत आहे, त्यामुळे सस्पेन्शन बदलल्याने तो थांबणार नाही.

बांबूला ओझे अडकवून दोघांनी खांद्यावर घेतले की ओझे ज्याच्या जवळ असेल त्याला अधिक भार सोसावा लागतो. त्याच्या खांद्यावर उशी ठेवली तरी भार कमी होत नाही. ट्रेलरमध्ये पुढचा खांदा किंग पिन आहे आणि मागचा खांदा बोगीचा मध्य, म्हणजे तीन ॲक्सलपैकी मधला ॲक्सल. या दोहोंमधील अंतर मोजावे, किंग पिनपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर मोजावे, आणि दुसऱ्या अंतराला पहिल्याने भागावे. जो अपूर्णांक येतो तेवढा मालाचा भाग बोगीवर येतो आणि उरलेला किंग पिनवर जातो. एवढे गणित ज्याला करता येते त्याला ट्रेलर विकत घेण्यापूर्वीच, केवळ आराखडा पाहून, दंड होईल की नाही हे सांगता येते.

आपल्या गाडीशी जुळतील अशी मापे धरून हे गणित करून पाहू. ट्रेलरची लांबी १२.२ मीटर, किंग पिन पुढच्या टोकापासून ०.९ मीटर मागे, आणि किंग पिनपासून बोगीच्या मध्यापर्यंत ८ मीटर. रिकाम्या ट्रेलरचे वजन ६.५ टन, त्यापैकी १.५ टन किंग पिनवर आणि ५ टन बोगीवर. ट्रॅक्टर, ज्याला गाडीवाले घोडा म्हणतात, ७ टनांचा, दोन ॲक्सलचा, त्याचे ४.५ टन पुढच्या ॲक्सलवर आणि २.५ टन मागच्या ॲक्सलवर. ट्रॅक्टरच्या दोन ॲक्सलमधील अंतर ३.६ मीटर आहे आणि फिफ्थ व्हील, म्हणजे किंग पिन ज्यात अडकते ती ट्रॅक्टरवरची तबकडी, मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे बसवलेले आहे, म्हणजे किंग पिनवरील भाराचा सुमारे १४ टक्के भाग ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलवर जातो व बाकीचा मागच्या. या ट्रेलरवर एकूण २४ टनांचा, आत माल सारखा भरलेला, वीस फुटी कंटेनर ठेवायचा आहे.

कंटेनर अगदी पुढे, ट्रेलरच्या पुढच्या टोकाला लावून ठेवला, तर त्याचा मध्य किंग पिनपासून केवळ २.१३ मीटरवर येतो. कंटेनरचे ६.४ टन बोगीवर येतात आणि तब्बल १७.६ टन किंग पिनवर जातात. ट्रेलरचा स्वतःचा भार मिळवला की ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलवर ७.१ टन, मागच्या ॲक्सलवर १९ टन आणि बोगीवर ११.४ टन असे चित्र दिसते. तोच कंटेनर ट्रेलरच्या बरोबर मध्यावर ठेवला, तर पुढच्या ॲक्सलवर ५.९ टन, मागच्या ॲक्सलवर ११ टन आणि बोगीवर २०.६ टन येतात. तो अगदी मागच्या टोकाला ठेवला, तर त्याचा मध्य बोगीच्या मध्याच्याही मागे जातो, किंग पिन वर उचलली जाऊ लागते, आणि पुढच्या ॲक्सलवर ४.६ टन, मागच्या ॲक्सलवर ३.१ टन व बोगीवर २९.८ टन येतात. तिन्ही वेळा एकूण वजन ३७.५ टनच आहे.

आता हे आकडे कायद्याच्या मर्यादांशेजारी ठेवून पाहावेत. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ॲक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या. स्टिअरिंगच्या दोन टायरच्या ॲक्सलची मर्यादा ६ टनांवरून ७ टन, चार टायरच्या एकेरी ॲक्सलची १०.२ वरून ११.५ टन, दोन ॲक्सलच्या जोडीची १९ वरून २१ टन आणि तीन ॲक्सलच्या बोगीची २४ वरून २७ टन झाली. ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. आपल्या गाडीसाठी ७, ११.५ आणि २७ यांची बेरीज ४५.५ टन होते. ३७.५ टनांची गाडी या मर्यादेपेक्षा पूर्ण ८ टनांनी हलकी असूनही कंटेनर पुढे ठेवल्यास ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलवर ७.५ टन जादा भरतात, आणि मागे ठेवल्यास बोगीवर २.८ टन जादा भरतात. आपण 'एकूण वजन आत आहे' असे म्हणता ते खरे आहे, पण रस्त्यावर भार येतो तो ॲक्सलमधून, आणि मर्यादाही प्रत्येक ॲक्सलला वेगळी आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. बंद कंटेनरच्या बाबतीत महामार्गाच्या कडेला माल उतरवणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

कंटेनर मागच्या लॉकवर (कंटेनरचे कोपरे चासीला पकडणाऱ्या ट्विस्ट लॉकवर) ठेवण्याची पद्धत बंदरावर बरीच रूढ आहे, कारण गोदामाच्या धक्क्याला गाडी लावली की कंटेनरचे दार थेट धक्क्याशी येते. या पद्धतीतील धोका दंडाहून मोठा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. वरच्या उदाहरणात ओढणाऱ्या ॲक्सलवर केवळ ३.१ टन भार आहे. घाटात १०० मीटरला ५ मीटर चढ धरला, तर ३७.५ टनांची गाडी वर ओढण्यास सुमारे १.९ टनांचा जोर लागतो आणि टायरच्या फिरण्याला होणाऱ्या विरोधासाठी आणखी सुमारे ०.३ टन. ओल्या रस्त्यावर टायरची पकड भाराच्या साधारण निम्मी धरली, तर ३.१ टनांवर दीड टनांच्या आसपासच जोर मिळतो. इंजिन कितीही ताकदीचे असले तरी चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी चढावर अडकते. उतारावर तर ट्रॅक्टरची चाके ब्रेक लावताच घसरतात, मागचा भार त्याला ढकलतो आणि ट्रॅक्टर ट्रेलरच्या बाजूला दुमडला जातो. पावसाळ्यात बोरघाटात किंवा कसारा घाटात आडव्या झालेल्या ट्रेलरबद्दल ऐकले की मी प्रथम कंटेनर कोणत्या लॉकवर होता हे विचारतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो सस्पेन्शनमध्ये नसून चासीवरील ट्विस्ट लॉकच्या जागेत आहे. वीस फुटी कंटेनर ट्रेलरच्या मध्यापासून सुमारे अर्धा मीटर मागे ठेवला, तर वरच्याच मापांनी ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलवर ९.७ टन आणि बोगीवर २२.१ टन येतात. दोन्हीकडे पुरेशी मोकळीक राहते आणि चढावर पकडही मिळते. बरोबर मध्यावर ठेवल्यास ११ टन म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर राहावे लागते. नवा ट्रेलर बांधून घेताना लॉकच्या जागा आराखड्यावर मापांसह लिहून घ्याव्यात, प्रत्येक जागेसाठी ॲक्सलनिहाय भाराचा तक्ता निर्मात्याकडे मागावा, आणि तो मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. ज्यांना धक्क्यावर मागूनच माल उतरवायचा असतो त्यांच्यासाठी मागे-पुढे सरकणाऱ्या बोगीचा ट्रेलर हा योग्य मार्ग आहे. जुन्या ट्रेलरवरही नवीन जागी लॉक बसवता येतात, मात्र ते चासीच्या आडव्या बीमवर नीट आधार देऊन बसवावे लागतात; मुख्य बीमच्या खालच्या पट्टीवर वाटेल तेथे वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला हे काम देऊ नये, कारण त्या पट्टीवरच सर्वाधिक ताण असतो आणि चीर तेथूनच सुरू होते.

कंटेनरच्या आत माल कसा भरला आहे हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. १ जुलै २०१६ पासून निर्यातीच्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन जहाजावर चढवण्यापूर्वी जाहीर करावे लागते. त्यामुळे वजन किती हे आता कळते, परंतु ते वजन आत कोठे आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. मालवाहू कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत कंटेनरच्या निम्म्या लांबीत एकूण मालाच्या ६० टक्क्यांहून अधिक भार नसावा आणि गुरुत्वमध्य लांबीच्या ५ टक्क्यांहून अधिक सरकलेला नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये ५ टक्के म्हणजे ३० सेंटिमीटर. ऐकायला हे अंतर क्षुल्लक वाटते, पण २४ टनांच्या कंटेनरचा मध्य एवढा पुढे सरकला की किंग पिनवरील भार ०.९ टनांनी वाढतो, आणि मध्यावर ठेवलेल्या कंटेनरमुळे ११ टनांवर असलेला ॲक्सल ११.८ टनांवर जातो. म्हणजे नियमात बसणाऱ्या भरणीमुळेही दंड होऊ शकतो. लोखंडी कॉइल, ग्रॅनाइटचे ठोकळे किंवा यंत्रसामग्री असलेल्या कंटेनरबाबत माल पाठवणाऱ्याकडून आतील मांडणीचे छायाचित्र मागून घेण्याची सवय ठेवावी.

आता एअर सस्पेन्शन जे काम खरोखर करते त्याकडे वळतो. कमानपाट्यांच्या तीन ॲक्सलच्या बोगीत शेजारच्या दोन कमानींची टोके मधल्या रॉकरवर टेकलेली असतात. एका चाकाखाली उंचवटा आला की रॉकर डुलतो आणि भार शेजारच्या ॲक्सलकडे सरकतो. रॉकरचे बुश घट्ट झाले, गंजले किंवा झिजले, एका कमानीचा पाटा तुटला, वा दुरुस्तीत वेगळ्या जाडीचा पाटा बसवला गेला की ही वाटणी बिघडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाट्यांमधील घर्षणामुळे हलका धक्का तर रॉकरपर्यंत पोहोचतच नाही. एअर सस्पेन्शनमध्ये एका बाजूच्या तिन्ही ॲक्सलचे बलून एकाच नळीने जोडलेले असतात, त्यामुळे त्यांतील हवेचा दाब एकच राहतो. बलूनचे आकार सारखे असल्याने प्रत्येक ॲक्सलवरचा भारही जवळजवळ सारखा राहतो. ट्रॅक्टरचे फिफ्थ व्हील थोडे उंच असून ट्रेलरचे तोंड वर उचलले गेले असले, तरीही दाब सारखाच राहतो. कमानपाट्यांच्या बोगीत अशा वेळी मागच्या ॲक्सलकडे भार झुकतो, आणि त्याचे टायर इतरांच्या आधी का झिजतात याचा उलगडा मालकाला कधीच होत नाही.

या समान वाटणीचे मोल रस्त्याच्या दृष्टीने किती आहे हे एका उदाहरणावरून दिसेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या आशो रस्ता चाचणीवरून, रस्त्याची हानी ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते असा ठोकताळा रूढ झाला. २७ टनांची बोगी ९-९-९ अशी न वाटली जाता ११-९-७ अशी वाटली गेली, तर एकूण वजन तेच असूनही हानी सुमारे २० टक्क्यांनी वाढते. टायर आणि व्हील बेअरिंग यांनाही अशा असमान भाराची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत आपल्या खिशातून जाते.

मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बलून एकमेकांना जोडलेले असले तरी नळ्या बारीक असतात, आणि खड्ड्यातून चाक जाण्याच्या निमिषात एका बलूनमधील हवा दुसऱ्यात पोहोचत नाही. सारखी वाटणी होते ती गाडी उभी असताना किंवा काही सेकंदांच्या अवधीत. धावत्या गाडीत रस्त्यावर पडणारा क्षणिक भार कमी होतो तो बलूनच्या मऊपणामुळे आणि शॉकॲब्सॉर्बरमुळे. कमानपाट्यांना स्वतःचे घर्षण असते, म्हणून शॉकॲब्सॉर्बर नसला तरी गाडी कशीबशी स्थिर होते. बलूनमधील हवेला असे घर्षण जवळजवळ नसते. शॉकॲब्सॉर्बर निकामी झालेला एअर सस्पेन्शनचा ट्रेलर एका उंचवट्यावरून गेल्यावर पुढे कितीतरी अंतर उसळत राहतो, आणि तो साध्या कमानपाट्यांच्या ट्रेलरपेक्षा रस्त्याला अधिक वाईट असतो. युरोपीय संघाच्या नियमांत हीच बाब आकड्यांत मांडलेली आहे. तेथे एअर सस्पेन्शनच्या तोडीचे म्हणून मान्यता हवी असेल, तर सस्पेन्शनची कंपनसंख्या सेकंदाला २ पेक्षा अधिक नसावी, एकूण अवमंदन, म्हणजे उसळी विझवण्याची क्षमता, क्रांतिक अवमंदनाच्या (उसळी एकाच दमात थांबवणाऱ्या अवमंदनाच्या) २० टक्क्यांहून अधिक असावे, आणि शॉकॲब्सॉर्बर काढल्यावर उरणारे अवमंदन एकूण अवमंदनाच्या निम्म्याहून अधिक नसावे. म्हणजे निम्मे काम तरी शॉकॲब्सॉर्बरने केलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे बलून फुटला की गाडी ताबडतोब कारखान्यात जाते, पण शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असले तरी तिकडे कोणी पाहत नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. वीस-पंचवीस किलोमीटर खडबडीत रस्त्यावरून गाडी आली की ती थांबताच सहाही शॉकॲब्सॉर्बरजवळ सावधपणे हात न्यावा. काम करणारा शॉकॲब्सॉर्बर गरम झालेला असतो. जो थंड आहे तो काम करत नाही. एखादा इतरांपेक्षा फारच गरम असेल, तर शेजारचा मेलेला असण्याची शक्यता पाहावी.

एअर सस्पेन्शनमुळे किंग पिन आणि बोगी यांच्यातील वाटणी बदलत नाही, असे वर म्हटले आहे. त्याला एक अपवाद आहे, तो म्हणजे उचलता येणारा ॲक्सल. तीनपैकी पुढचा ॲक्सल उचलला की उरलेल्या दोघांचा मध्य मागे सरकतो. दोन ॲक्सलमधील अंतर १.३६ मीटर असेल तर ०.६८ मीटरने. किंग पिनपासूनचे अंतर ८ ऐवजी ८.६८ मीटर झाल्याने मध्यावर ठेवलेल्या त्याच २४ टनांच्या कंटेनरचे किंग पिनवरील वजन ८.४ ऐवजी ९.६ टन होते, आणि ट्रेलरच्या स्वतःच्या वजनामुळे आणखी थोडी भर पडते. घसरड्या चढावर गाडी सुरू करताना थोडा वेळ याचा उपयोग होतो. पण भरलेल्या गाडीचा पुढचा ॲक्सल उचललेलाच ठेवून प्रवास केला, तर ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलची ११.५ टनांची मर्यादा ओलांडली जाते. मागचा ॲक्सल उचलण्याची सोय असेल तर परिणाम उलटा होतो: किंग पिनवरचा भार घटतो आणि अरुंद वळणे सोपी होतात. रिकाम्या परतीच्या प्रवासात ॲक्सल उचलल्याने टायर वाचतात, हा लाभ मात्र निर्विवाद आहे.

आपल्यासारख्या मालकाला एअर सस्पेन्शनचा सर्वांत उपयोगी गुण माझ्या मते वेगळाच आहे. बलूनमधील दाब बोगीवरील भाराबरोबर सरळ रेषेत वाढतो, म्हणजे ट्रेलरबरोबर एक वजनकाटाच मिळतो. ट्रेलिंग आर्मच्या (ॲक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या पिनपासून ॲक्सल ५० सेंटिमीटरवर आणि ॲक्सलपासून बलून ३८ सेंटिमीटरवर असेल, तर ॲक्सलवर टेकलेल्या भारापैकी सुमारे ५७ टक्के भार बलूनवर येतो. ९ टनांच्या ॲक्सलमधून चाके, ड्रम आणि ॲक्सल यांचे सुमारे ०.९ टन वजा केले, तर प्रत्येक बाजूच्या बलूनवर २.३ टन येतात; बलूनचे परिणामकारक क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरल्यास दाब साडेचार बारच्या आसपास निघतो. पण हे गणित करत बसण्याची गरज नाही. रिकामा ट्रेलर काट्यावर नेऊन बोगीचे वजन आणि गेजवरील दाब लिहून ठेवावा, भरलेल्या ट्रेलरचेही तसेच करावे, आणि आलेख-कागदावर त्या दोन बिंदूंतून रेषा ओढावी. समजा, रिकाम्या बोगीचे ५ टन ०.४ बारला आणि भरलेल्या बोगीचे २०.६ टन ३.३ बारला आले, तर एका बारमागे सुमारे ५.४ टन, म्हणजे एका दशांश बारमागे अर्ध्या टनाहून थोडे अधिक, असा हिशेब बसतो. यावरून लक्षात येईल की अर्ध्या-अर्ध्या बारच्या खुणा असलेले स्वस्त गेज या कामाचे नाही. दाब वाचताना गाडी सपाट जागी असावी, ट्रेलरचे ब्रेक सुटलेले असावेत आणि लेव्हलिंग व्हॉल्व्हला, म्हणजे हवा भरून-सोडून चासीची उंची राखणाऱ्या झडपेला, स्थिर होण्यास एक-दोन मिनिटे द्यावीत. चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय ब्रेक सोडू नयेत हे उघडच आहे. गेज केवळ बोगीचा भार सांगते. कंटेनरचे आणि रिकाम्या ट्रेलरचे वजन आधीच माहीत असल्याने किंग पिनवरचा भार वजाबाकीने निघतो.

वजनकाट्यावरही असाच विचार करून ॲक्सलनिहाय आकडे काढता येतात. प्रथम केवळ पुढचा ॲक्सल पट्ट्यावर घ्यावा, मग पूर्ण ट्रॅक्टर, आणि शेवटी संपूर्ण गाडी. दुसऱ्यातून पहिले वजा केले की मागचा ॲक्सल मिळतो आणि तिसऱ्यातून दुसरे वजा केले की बोगी. काट्याच्या आधीचा व नंतरचा रस्ता काट्याच्याच पातळीत असला पाहिजे आणि प्रत्येक वेळी ब्रेक सोडून वजन घेतले पाहिजे, नाहीतर अडकलेल्या कमानींमुळे काही शेकडे किलोंची चूक सहज होते. बहुतेक काटेवाले एवढा वेळ देत नाहीत. एक-दोनदा जादा पैसे देऊन शांतपणे हे करून घ्यावे, कारण एकदा आपल्या ट्रेलरचा तक्ता तयार झाला की तो कायमचा उपयोगी पडतो.

डावी-उजवी बाजू हा वेगळा विषय आहे, पण कंटेनरवाल्यांनी तो दुर्लक्षू नये. साध्या रचनेत मधल्या ॲक्सलवरील एकच लेव्हलिंग व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना हवा देतो आणि दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू सारखा होतो. माल एका बाजूला झुकलेला असेल, तर तो कल हवा सावरत नाही. ट्रेलिंग आर्मला घट्ट बांधलेला ॲक्सलचा नळा पीळ सोसून तो सावरतो. म्हणून कललेला ट्रेलर दिसला की व्हॉल्व्हकडे जाण्याआधी माल पाहावा. टिपर ट्रेलर वापरणाऱ्यांनी पेटी उचलण्यापूर्वी बलूनमधील हवा सोडून चासी खाली टेकवावी, कारण उंच गेलेला भार एका मऊ बाजूकडे कलला की गाडी आडवी होण्यास वेळ लागत नाही.

देखभालीत चासीची उंची सर्वांत महत्त्वाची आहे. ॲक्सलच्या मध्यापासून चासीच्या खालच्या पट्टीपर्यंतचे माप निर्मात्याने दिलेले असते. व्हॉल्व्हची जोडदांडी वाकली किंवा तिचे रबर फाटले की ते बिघडते. गोदामाच्या धक्क्याला उंची जुळवण्यासाठी काही चालक हाताने हवा भरतात आणि लिव्हर परत मूळ जागी न आणता निघतात. मग बलून ताणलेले राहतात आणि शॉकॲब्सॉर्बर टोकाला आदळून तुटतात. रात्री उभा केलेला ट्रेलर सकाळी बसलेला दिसला, तर साबणाचे पाणी लावून सांधे तपासावेत. उरणच्या खाऱ्या हवेत बलूनचे खालचे पत्र्याचे पिस्टन आणि हँगरच्या पिना लवकर गंजतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर त्या उघडून पाहाव्यात. बलूनच्या वाटेवर दाब-संरक्षक व्हॉल्व्ह असतो. ब्रेकच्या टाकीत साधारण ६ बार दाब झाल्याशिवाय तो बलूनला हवा जाऊ देत नाही. घाई असलेल्या मेकॅनिकने तो काढून सरळ नळी जोडलेली मी पाहिली आहे. असे कधीही करू देऊ नये. एक बलून फुटला तर ब्रेकची हवाही त्याबरोबर जाते.

आता विकत घेण्याबद्दल. नाशिकची द्राक्षे नेणारे रीफर (शीतपेटीचे ट्रेलर), रसायनांचे टँकर, नाजूक यंत्रे किंवा वर्षभर लांब पल्ल्याने धावणारी गाडी असेल, तर एअर सस्पेन्शनसाठी जादा पैसे अवश्य द्यावेत. खाणीच्या कच्च्या रस्त्यावर धावणाऱ्या आणि वारंवार क्षमतेपेक्षा जास्त भरल्या जाणाऱ्या ट्रेलरवर ते टिकणार नाही. तेथे नीट राखलेली कमानपाट्यांची बोगी बरी. आपले काम या दोहोंच्या मधले आहे. आपल्या कारखान्यातील माणूस शॉकॲब्सॉर्बर आणि बुश वेळापत्रकाने बदलेल याची खात्री असेल, तर एअर सस्पेन्शन घ्यावे, आणि त्याबरोबर एक दशांश बारच्या खुणांचे चांगले गेज चासीच्या बाजूला, चालकाला उभ्याने वाचता येईल असे, बसवून मागावे. तशी खात्री नसेल, तर तेच पैसे सध्याच्या ट्रेलरचे रॉकर-बुश बदलण्यास आणि ट्विस्ट लॉकची नवी जागा करून घेण्यास वापरावेत. दंड थांबेल तो लॉकच्या जागेमुळेच, आणि हे काम नवा ट्रेलर येण्याची वाट न पाहता या आठवड्यातही करून घेता येईल.